सात नंबरवरचा भुताचा ठोका

माया होवाळबद्दल कुपवाडात दोन गोष्टी सांगतात. एक, ती भुताळी आहे. दोन, ती ड्रम वाजवते. दुसरी खरी आहे. पहिली तयार झाली त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहायला बसलोय. माझा हात शाबूत आहे. सगळ्यांचे राहत नाहीत, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कुपवाडच्या एमआयडीसीत पत्र्याच्या एका शेडमध्ये दहा पॉवर प्रेस आहेत. मशीन साधं. बाजूला मोठं चाक सारखं फिरत असतं. पायडल दाबलं की चाकाला घणाशी जोडणारी लोखंडी चावी खाचेत बसते, वरचा घण खाली येतो, पत्र्याचा वॉशर पाडतो, वर जातो आणि थांबतो. थांबला की बाईनं हात आत घालायचा, माल काढायचा, नवा तुकडा ठेवायचा, हात बाहेर, पायडल. एका पाळीत चार हजार वेळा. हात आत जाऊ नये म्हणून पुढं जाळी असते. ती भिंतीला टेकवून ठेवलेली असते, कारण जाळी लावली की माल कमी निघतो. तपासणीला कोणी आलं की लावतात. फोटोपुरती.

आता हा घण कधी कोणी न सांगता दुसऱ्यांदा खाली आला तर? त्याला आमच्याकडं "डबल मारणं" म्हणतात. शेडमधल्या सात नंबरच्या मशीननं दोन वर्षांपूर्वी डबल मारलं. दगडाबाई नावाची बाई होती, तिची उजव्या हाताची तीन बोटं गेली. ती गावी गेली, आणि पुढच्या वर्षी काविळीनं वारली. कावीळ ती कावीळ. पण शेडमधल्या बायकांनी ठरवलं की दगडाबाईला सात नंबरनंच नेलं.

तिच्या जागेवर माया बसली. अकरा वर्षं प्रेसवर काढलेली बाई. उंच, सावळी, चौतिशीची, बोलायला तोडून. तिचं माहेर कुंडलच्या बाजूला. तिचा आजा धोंडिराम गावचा हलगीवाला. त्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी हलगी फोडली आणि घरात सांगितलं, इथनं पुढं आपल्या घरातल्या कुणी कातड्याला हात लावायचा न्हाई. साठ-पासष्ट वर्षं त्या घरात कोणी साधं परातीवर बोट वाजवलं नाही. आणि ही बया बायकांच्या बेंजो पार्टीत ड्रमवर बसली. मी एकदा तिला चिडवलं, "आजा काय म्हंटला असता?"

ती म्हणाली, "आज्यानं कातड्याचं सांगितलं हुतं. ह्यो प्लॅस्टिकचा हाय."

शिकवणारे नाथाजी पाटील. फौजेच्या बँडमधून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ऊस आहे, घर आहे, पोरं मार्गी लागली, तरी माणसाला गप्प बसवत नाही. मिरज रस्त्याला टायरच्या दुकानावर एक खोली घेतली, त्यात एक ड्रमसेट, दोन खुर्च्या आणि भिंतीवर पलटणीचा फोटो. माया पहिल्यांदा तिथं गेली आणि वाजवून दाखवलं. नाथाजींनी मिशीवरून हात फिरवला.

"पोरी, कुठं कामाला हाईस?"

"प्रेसवर."

"कळतंय. तू वाजवत न्हाईस, वॉशर पाडतीस."

तिला राग आला. रागावली की ती हट्टाला पेटते, म्हणून पुढच्या सुट्टीला परत तिथं गेली. नाथाजींनी तिला जोरात वाजवायचं थांबवलं आणि हळू वाजवायला लावलं. दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे डाव्या हातानं असे बारीक ठोके टाकायचे की ऐकणाऱ्याला ते ऐकू आलेत हेच कळू नये. ते काढून टाकले की मात्र सगळी चाल मेलेली वाटावी. इंग्रजीत त्याला घोस्ट नोट म्हणतात. नाथाजींनी फौजेत ते शिकवताना जवानांना समजावं म्हणून त्याचं मराठी केलं होतं: भुताचा ठोका.

"असतंय पर दिसत न्हाई. म्हणून भूत," ते म्हणायचे. "काठी एक इंच उचलायची. सव्वा इंच झाली की सजा."

सजा म्हणजे ज्वारी. ड्रमवर ज्वारीचे वीस दाणे टाकायचे आणि त्यांच्यामधे वाजवायचं. दाणे थरथरले पाहिजेत, पण एकही उडता कामा नये. उडाला तर तो खाली बसून शोधायचा, परत ठेवायचा, पहिल्यापासून. मायानं पाच महिने सुट्टीचे दिवस त्या खोलीत ज्वारी वेचण्यात घालवले. प्रेसनं तिचा हात एवढा जड केला होता की पहिल्या महिन्यात दाणे खिडकीतून टायरवाल्याच्या टकलावर पडायचे. तो खालून ओरडायचा, "हवालदार, पेरणी चाललीया व्हय?"

पाचव्या महिन्यात एक दिवस दाणे जागच्या जागी थरथरत राहिले. नाथाजी उठले आणि स्वतःच्या हातानं चहा आणला. फौजेत ह्याला पदक म्हणतात, असं माया मला नंतर म्हणाली.

पण एकदा ते शिकल्यावर कान परत मिटता येत नाही. तिला सगळीकडं ते बारीक ठोके ऐकू यायला लागले. पिठाच्या गिरणीत, एसटीच्या इंजिनात, सासूच्या घोरण्यात. आणि मग सात नंबरमध्ये.

घण वर थांबलेला, पाय पायडलवर नाही, चाक नुसतं फिरतंय. त्यात प्रत्येक फेऱ्याला एक. टिक. शेडमध्ये नऊ मशीनं धडधडतायत, तिथं कानाला ते कळणं शक्य नव्हतं. टेबलावर टेकलेल्या डाव्या तळहाताला ते लागायचं. ज्वारीचा दाणा थरथरावा एवढंच. तिनं बाकीच्या मशीनच्या टेबलांना हात लावून पाहिला. नव्हतं. फक्त सातला.

अकरा वर्षं काढलेल्या बाईला ते काय आहे हे सांगायला फिटर लागत नाही. चावी झिजली होती. घण थांबलेला असताना चावीनं आत दबून राहायला हवं, ती डोकं वर काढून चाकाला घासत होती. आज घासतीय. उद्या बसली की पाय नसताना घण खाली.

तिनं चहाच्या सुट्टीत सुपरवायझरला सांगितलं. वीरधवल त्याचं नाव, शेटचा भाचा, डिप्लोमा झालेला, शर्टाला इस्त्री. बायका आजूबाजूला बसल्या होत्या. माया म्हणाली, "सायेब, सात नंबरला भुताचा ठोका येतोय."

नाथाजींच्या खोलीत पाच महिने तिनं दुसरा शब्द ऐकलाच नव्हता. तिच्या लेखी ते कामाचं नाव होतं, पान्याला पाना म्हणावं तसं.

कोणाच्या हातातला कप थांबला, कोणी पदर डोक्यावर घेतला. म्हातारी येसूबाई कोपऱ्यातून म्हणाली, "दगडी आली म्हण की."

"तसं न्हाई, येसूमावशी. चावी..."

"मी म्हणतच हुते. तिची बोटं तिथंच राहिली. मागायला येणारच."

वीरधवलला चावी ऐकू आली असणार. तो डिप्लोमा झालेला होता. पण चावी बदलायची तर मशीन खोलायचं, म्हणजे तीन दिवस सात नंबर बंद, आणि ऑर्डर तोंडावर. भुताला तीन दिवस लागत नाहीत. अमावास्येला शेटनं एक देवरशी आणला. सात नंबरला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, लिंबू-मिरची बांधली, देवरशी घुमला आणि दगडाबाईला शांत केल्याचं त्यानं जाहीर केलं. सगळ्यांना बुंदी वाटली. बायका खूश. चाक फिरतच होतं. टिक.

हे माझ्यापर्यंत आलं ते असं: मायानं कारखान्यात भूत उठवलंय.

मी गेली वीस वर्षं ह्या शेडांच्या दारात उभा राहतोय. बोटं गेलेल्या बायकांचे अर्ज लिहितो, देवरशांना हाकलतो, शेटांशी भांडतो. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं रस्त्यावर. माझा आवाज मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान होता. सरळ मोटरसायकल काढली आणि शेडसमोरच्या टपरीवर मायाला गाठलं.

"दीक्षा घेतलेल्या घरातली पोर तू! आज्यानं हलगी फोडली ती कशापायी? तू भुताखेताचं सांगत फिरावं म्हणून?"

"आवं दादा, ऐका की जरा..."

"काय ऐकू? तुझ्यामुळं त्या शेटला आयतं सापडलं! आता मशीन दुरुस्त कर म्हणायला गेलो की तो लिंबू दाखवतोय मला!"

"मी मशीनचंच सांगतीया. त्याचा ठोका..."

"परत ठोका! लाज वाटत न्हाई?"

टपरीवर पंधरा माणसं होती. पंधराही बघत होती. माया उठली, चहा तसाच ठेवला आणि म्हणाली, "दादा, तुमी लय मोठ्यानं वाजवता." आणि गेली.

मला वाटलं, मी भूत हाणून पाडलं. असा मी.

दुसऱ्या दिवशी वीरधवलनं मायाला चार नंबरवर टाकलं. भूत हिलाच ऐकू येतं तर हिला लांब ठेवा, म्हणजे ऐकू येणार नाही. हे डिप्लोमाचं गणित. सात नंबरवर रेश्मा बसली. महिन्याभरापूर्वी आलेली, शिराळ्याची, कडेवर वर्षाची मुलगी, नवरा ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर. नवीन बाई नाही म्हणत नाही. आता सगळं त्या रेश्माच्या हातावर आलं होतं.

मायानं तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, टेबलाला डावा हात टेक आणि टिक लागते का बघ. रेश्मानं हात टेकला आणि भीतीनं काढून घेतला.

"ताई, मला न्हाई ऐकायचं दगडाबाईचं."

"दगडाबाई न्हाई गं, चावी हाय ती."

"तुमालाच ऐकू येतंय म्हनत्यात. कुणाला न्हाई येत ती वस्तू चांगली नसती ताई."

माया चार नंबरवरून तिच्याकडं बघत राहायची. स्वतःचा हात आत-बाहेर, नजर रेश्माच्या हातावर. येता-जाता सातच्या टेबलाला हात लावून जायची. आधी टिक नेमानं यायची. मग एक दिवस तिला जाणवलं, मधली एक टिक गळली. एक फेरा काहीच नाही, मग परत टिक. म्हणजे चावी अर्धी बसली होती आणि निसटली होती. एक दिवस निसटणार नाही. त्या आठवड्यात पाळीला एकदा गळायची. पुढच्या आठवड्यात तीनदा.

येसूबाई बघत होती. "ती बघा," ती बायकांना म्हणायची, "मशीनला हात लावून बोलतीया. भुताळीच हाय. दगडीला लावून सोडतीया तिकडं."

जेवणाच्या सुट्टीत माया डब्याचं झाकण पालथं घालायची, त्यावर ज्वारीचे दाणे टाकायची आणि रेश्माचा हात खाली धरून बोटानं वाजवायची. हे लागलं? हे? आता किती? रेश्मा हसायची, घाबरायची, बघणाऱ्या बायकांकडं बघून हात सोडवायची. आठ दिवस गेले. तिला मोठा ठोका कळायचा, बारीक कळायचा नाही. माया चिडली की झाकणावर जोरात मारायची आणि दाणे उडायचे. मग दोघी डब्यांमधनं दाणे वेचायच्या.

मग एकदा रेश्मा सहज बोलली. तिचा बाप नागपंचमीला नाग धरायचा. बंदी यायच्या आधी. त्यानं पोरीला शिकवलं होतं, नाग डोलतोय तोवर भ्यायचं न्हाई.

"आणि कवा भ्यायचं?" मायानं विचारलं.

"डोलायचा थांबला की. तवा हात मागं."

मायानं झाकण परत पालथं घातलं. मग म्हणाली, "बास. हेच हाय. टिक म्हंजे डोलणं. टिक लागतीया तोवर काम कर. एक जरी गळली तर नाग थांबला म्हण. पुढच्या फेऱ्याला डसतोय."

रेश्मानं झाकणाखाली हात धरला, डोळे मिटले. मायानं बोटानं बारीक, एकसारखं वाजवत वाजवत मधेच एक सोडला. रेश्माचा हात झटकन मागं गेला. सोडलेला ठोका तिला कळला होता. वाजलेले कळत नव्हते तेव्हासुद्धा.

इकडं माझं वेगळंच चाललं होतं. भूत कुठून उगवलं ह्याचा मी माग काढला आणि नाथाजींच्या खोलीवर थडकलो. जिना चढतानाच आवाज चढवला.

"फौजेत देशाची सेवा केली म्हणता, आणि इथं पोरींना भुताचं ज्ञान देता?"

नाथाजी उठले नाहीत. ड्रमवर ज्वारी टाकली. "बैठो," म्हणाले. का कोण जाणे, बसलो. त्यांनी दोन्ही काठ्या घेतल्या आणि वाजवायला लागले. मोठे ठोके कडेवर, आणि मधे दाणे नुसते थरथरतायत. मग डावा हात थांबवला. मोठे ठोके तेच, पण चाल लंगडी झाली. परत डावा हात. परत चाल उभी राहिली.

"ऐकू आलं?"

"व्हय."

"ह्याला आमी भुताचा ठोका म्हणतो. त्या पोरीला मशीनमधे ह्योच ऐकू आला. तिनं तुमाला सांगितलं असंल की."

टपरीवरचा तो न प्यालेला चहा डोळ्यासमोर आला.

"तिनं आता इथं यायचं बंद केलंय," नाथाजी म्हणाले. "दुसऱ्या पोरीला शिकवतीया म्हणून निरोप धाडलाय. टिक गळायला लागलीया, दिवसाला चार-पाच येळा. तुमी जाताय का मी जाऊ?"

जिना मी कसा उतरलो ते टायरवाल्याला विचारा.

शेडच्या दारात पोचलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. यायच्या वाटेवर ठरवलं होतं, शांत बोलायचं. वीरधवल दारात आला, हसला आणि म्हणाला, "या दादा. लिंबू काढायला आला का?" आणि माझा आवाज गेला आभाळाला. सात नंबर बंद करा, चावी झिजलीय, जाळी कुठाय, मी तक्रार करीन, असं सगळं एका दमात.

त्यानं ऐकून घेतलं. मग आत वळून हात वर केला. "सगळी मशीनं बंद करा. सात चालू ठेव. दादांना भूत ऐकू दे."

एकेक करून नऊ मशीनं थांबली. त्या शेडमध्ये दिवसाउजेडी एवढी शांतता कधी झाली नसेल. बायका आपापल्या जागेवर उभ्या. रेश्मा सात नंबरपुढं स्टुलावर. घण वर थांबलेला, लिंबू-मिरची वाळून काळी झालेली, चाक फिरतंय.

टिक.

सगळ्यांना ऐकू आलं. येसूबाईनं तोंडाला पदर लावला.

टिक. टिक.

वीरधवलचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, त्याला ते उतरवायचं सुचलं नाही. पण माणूस मागं हटत नाही, विशेषतः भाचा असला की. "दिसतंय ना, काय व्हत न्हाई," तो म्हणाला. "रेश्मा, काम चालू ठेव. पीस लाव."

मी तोंड उघडलं. चार नंबरपासून मायानं माझ्याकडं बघितलं आणि बोट ओठांवर ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मी उघडलेलं तोंड न बोलता मिटलं. तिचंच बरोबर होतं. ओरडलो असतो तर रेश्मानं हात आत ठेवून मान वळवली असती.

रेश्मानं तुकडा उचलला. डावा हात टेबलावर टेकला. उजवा हात घणाखाली गेला. तिचे दोन्ही पाय स्टुलाच्या आडव्या दांडीवर होते, पायडलपासून वीतभर लांब. ते मी बघितलं, वीरधवलनं बघितलं, सगळ्यांनी बघितलं.

टिक. टिक. टिक.

काहीच नाही.

रेश्माचा हात मागं आला. घाईनं नाही, नागापुढून घ्यावा तसा सरळ. तुकडा तिथंच राहिला.

धाड.

घण आपला आपण खाली आला, वॉशर पाडला आणि वर जाऊन थांबला. वॉशर गडगडत येऊन माझ्या बुटाला लागला. मग टिक. टिक.

येसूबाई किंचाळली, "दगडे!" आणि बायका दाराकडं पळाल्या. रेश्मा स्टुलावर बसून आपली पाच बोटं बघत होती. एकेक मिटून उघडत होती. माया तिच्याजवळ गेली आणि मशीनचं बटण बंद केलं. तेवढंच. ते बटण बंद करायला कोणाला महिनाभर जमलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. वीस माणसांनी डोळ्यांनी बघितलं, आता कोण नाही म्हणणार? मी अर्ज लिहिला, साक्षीदारांची जागा मोकळी ठेवली, आणि सह्या घ्यायला घरोघरी फिरलो. एकही सही मिळाली नाही. बायकांनी बघितलं होतं ते खरं, पण त्यांनी दगडाबाईला बघितलं होतं. पाय नसताना घण येतो ह्याहून मोठा पुरावा भुताला काय पाहिजे? आणि मायानं बोट ओठावर ठेवलं होतं, तेही सगळ्यांना दिसलं होतं. तिनं बोट ठेवलं आणि दादाची वाचा गेली. माझी! कुपवाडात माझी वाचा गेलेली कोणी बघितली नव्हती. भुताळी असल्याशिवाय हे होईल का?

मायाला कामावरून काढलं. बायकाच शेजारी बसेनात, शेटला कारण द्यावं लागलं नाही. बेंजो पार्टीतल्या दोघींनी यायचं बंद केलं. रेश्मा तिला रस्त्यात दिसली तर सासूसमोर मान वळवते. पण आठवड्यातून एकदा झाकण घेऊन तिच्या मागच्या दारानं येते, अजून शिकते. आता ती सहा नंबरवर आहे.

तपासणीचे साहेब आले तेव्हा सात नंबरच्या जागी फरशीत चार भोकं होती. शेजारी नवी जाळी, रंग ओला. शेटनं मशीन दुरुस्त केलं नव्हतं, मोडीतही काढलं नव्हतं. विकलं होतं. भुतानं झपाटलेलं मशीन शेडमध्ये नको म्हणून.

जोतिबा टेम्पोवाला माझ्या ओळखीचा. त्यानंच ते नेलं होतं, ताडपत्री टाकून. खोदून विचारल्यावर बोलला, "साताऱ्याला. एमआयडीसीतल्या मागच्या गल्लीत उतरवलं. शेडला पाटी न्हवती. बायका हुत्या कामाला." मग म्हणाला, "लिंबू तसंच हाय दादा त्याच्यावर. मी म्हंटलं काढू का, तर म्हंटले ऱ्हाऊ दे."

मी मायाला सांगायला गेलो. तिनं चप्पल घातली.

साताऱ्याच्या त्या मागच्या गल्लीत आम्ही दोघं दुपारी पोचलो. पत्र्याच्या शेडांची रांग, कुठंच पाटी नाही, सगळीकडून प्रेसचा आवाज. दार ठोठावून "तुमच्याकडं सात नंबर आहे का" विचारणार कोणाला? माया पत्र्याला डावा तळहात लावत चालायला लागली. एक शेड. दुसरं. मी मागून, गप्प. तिसऱ्या शेडला ती थांबली. पुढं गेली, परत मागं आली. पत्र्याला गाल लावला.

आतून एका बाईच्या गाण्याचा आवाज येत होता. कुठलंतरी लग्नातलं, हळदीचं.

मायानं उजव्या हाताचं बोट वर केलं आणि हवेत मोजायला लागली. मला काही ऐकू येत नव्हतं, नुसतं बोट दिसत होतं. एक. एक. एक. नेमानं, खालीवर. एक. एक.

बोट हवेत थांबलं.

"दादा," ती ओरडली, "वाजवा! मोठ्यानं!"

मी दोन्ही मुठींनी पत्रा बडवला. वीस वर्षांचा सगळा आवाज त्या पत्र्यात घातला. आत काहीतरी सांडलं, गाणं तुटलं, आणि त्याच्यावर धाड झालं.

मग काहीच नाही. माझ्या मुठी पत्र्यावर तशाच. माया डोळे मिटून उभी.

मग आतून बाईचा आवाज आला, खणखणीत. "कोण हाय रं मुडद्या! हात काढून बगायला लावलं! माल सांडला न्हवं का माझा!"

एवढी चांगली शिवी मी आजवर खाल्ली नाही. माया खाली बसली, मातीतच. मी दार शोधायला धावलो. दार पलीकडच्या बाजूला होतं, शेडला वळसा घालून. मी वळणावर पोचलो तेवढ्यात आतून पुरुषाचा आवाज आला, "काय न्हाई, बाहेर कोन तर दारुडा हाय. बस, काम कर." स्टूल सरकलं.

मी मागं वळून बघितलं. माया पत्र्याला हात लावून उठत होती. तिचं बोट परत मोजायला लागलं होतं.